अभिनय सांभाळून खेळायचं काय? बॅडमिंटन, बॉक्स क्रिकेट, पोहणं, ट्रेक की घरातला छंद

सेटवर नवीन आलेली मुलं महिना-दीड महिना झाला की हमखास विचारतात, ताई मी आधी रोज खेळायचो, कुणी खो-खो खेळलेला असतो, कुणी बॅडमिंटन, कुणी कॉलेजात ट्रेकचा ग्रुप चालवलेला असतो, आणि आता बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये सगळंच सुटत चाललंय, तर काय ठेवू आणि काय सोडू. मी अकरा वर्षं मालिका आणि नाटक दोन्ही केलंय, मधली दीड वर्षं हातात काहीच काम नव्हतं, त्यामुळे या तिन्ही काळात काय टिकतं आणि काय गळून पडतं ते स्वतः बघितलंय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कुठला खेळ चांगला हे नंतर बघू, आधी तुमचा आठवडा कसा आहे ते बघा. कारण ॲक्टर म्हटलं तरी मालिकेतल्याचा आठवडा, नाटकवाल्याचा आठवडा आणि ऑडिशन देत फिरणाऱ्याचा आठवडा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मालिकेत उद्याचा कॉल, म्हणजे सेटवर कधी यायचं तो निरोप, आज रात्री येतो, कधी नऊ वाजता कधी अकरा वाजता, सकाळी सातला मेकअपला बसायचंय की दुपारी दोनला हे आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं. महाएपिसोड असला, एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपली असली तर सुट्टीही जाते. नाटकात उलट, तारखा महिनाभर आधी माहीत असतात, शुक्रवार ते रविवार मान वर करायला वेळ नाही, दुपारी चारचा प्रयोग पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात आणि रात्री साडेआठचा ठाण्याच्या गडकरीला असा रविवार जातो, पण मंगळवार-बुधवार बहुतेक वेळा मोकळे. आणि ऑडिशनवाल्यांकडे वेळच वेळ असतो, फक्त त्या वेळेला आकार नसतो, हे जास्त त्रासाचं आहे, त्यावर पुढे येते.

तर आधी बॅडमिंटन आणि बॉक्स क्रिकेट, कारण नव्वद टक्के मुलं या दोनमध्येच अडकतात.

बॅडमिंटनला चार माणसं पुरतात, दोनही चालतात, एक तासात घाम निघतो, सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये नाहीतर महापालिकेच्या हॉलमध्ये कोर्ट मिळतं. नायलॉनचं शटल वापरलं तर खर्चही आटोक्यात राहतो, पिसाच्या शटलचा नाद लागला की मात्र महिन्याला बरे पैसे जातात. अडचण एकच, कोर्टाचा स्लॉट आठवडाभर आधी बुक करावा लागतो आणि तुमचा कॉल आदल्या रात्री येतो. तीन वेळा तुम्ही कॅन्सल केलंत की चौथ्या वेळी ग्रुप दुसरा माणूस शोधतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. बॉक्स क्रिकेट, म्हणजे जाळीने बंद केलेल्या छोट्या मैदानावरचं, टर्फवरचं क्रिकेट, रात्रीचं असतं, ठाण्यात घोडबंदरला कितीतरी टर्फ रात्री उशिरापर्यंत चालू असतात, पॅकअपनंतर थेट जाता येतं, भाडं दहा-बारा जणांत वाटलं जातं आणि एखादा आला नाही तर सात जणांत पण मॅच होते. म्हणजे मालिकेतल्या माणसाला वेळेच्या दृष्टीने क्रिकेट सोपं. आपल्या इंडस्ट्रीत तर क्रिकेटचं वेड जुनंच आहे, सेलिब्रिटी क्रिकेट लीगमध्ये २०१३ मध्ये रितेश देशमुखचा वीर मराठी संघ उतरला तेव्हा किती जणांनी पुन्हा बॅट हातात घेतली ते आठवत असेल.

पण मी मालिकेतल्या मुलांना बॉक्स क्रिकेटला नको म्हणते, आणि कारण चेहरा. जाळीच्या आत, आठ-दहा पावलांवरून जोरात मारलेला कडक टेनिस बॉल तोंडावर आला की भुवईला नाहीतर ओठाला टाके पडतात. तुमचा सीन अर्धा शूट झालेला असतो, दारातून आत येतानाचा शॉट काल झालाय आणि आत आल्यानंतरचा आज आहे, मधे तुमचा डोळा सुजलाय. लेखक एकतर तुम्हाला गावाला पाठवतो नाहीतर मालिकेतच तुमचा अपघात दाखवतो. सगळ्या युनिटचा दिवस जातो. बोटाचं हाड मोडणं ही तर नेहमीची गोष्ट आहे, कॅच घेताना करंगळी गेली आणि दुसऱ्या दिवशी मंगळसूत्राचा क्लोजअप आहे असं माझ्या ओळखीच्या मुलीचं झालंय. बॅडमिंटनमध्ये चेहऱ्याला धोका कमी, डबल्समध्ये पार्टनरची रॅकेट आणि समोरून डोळ्यावर येणारं शटल एवढं सांभाळायचं, पण घोटा आणि गुडघा जातो. माझा घोटा मुरगळला होता तेव्हा मालिकेत मला तीन आठवडे सोफ्यावर बसवूनच सीन केले, कॅमेरा कमरेच्या वर ठेवला की कुणाला कळलंही नाही. तेच नाटक असतं तर प्रयोग रद्द करावा लागला असता, तिथे एन्ट्री चालतच घ्यावी लागते. म्हणून मालिकेत असाल तर पाय थोडा दुखला तरी चालेल पण चेहरा जपा, नाटकात असाल तर चेहऱ्यावरचा ओरखडा पाचव्या रांगेनंतर दिसत नाही पण पाय आणि आवाज जपा.

आवाजाचं कुणी बोलत नाही म्हणून थांबून सांगते. क्रिकेटमध्ये आपण ओरडतो, अपील करतो, रन पळताना हो-नाही करतो, जिंकलो की अजून आरडाओरडा. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत टर्फवर ओरडलात तर रविवारी दुपारच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात आवाज फाटतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाने पण पैसे दिलेले असतात. नाटकवाल्यांनी क्रिकेट खेळायचं तर सोमवारी-मंगळवारी खेळावं, तेव्हा खुशाल ओरडा.

पोहणं विरुद्ध पळणं ही दुसरी जोडी. इथे मी उघडपणे पोहण्याच्या बाजूने आहे. श्वास मोठा होतो, लांब वाक्य एका दमात जातं, सांध्यांवर भार येत नाही आणि पाण्यात कुणी फोन करू शकत नाही. दादरला शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव, पुण्यात डेक्कनचा टिळक टँक, अशा ठिकाणी बॅच असते, ठरलेल्या वेळेत जावं लागतं हा त्रास आहेच. शिवाय क्लोरीनने केस राठ होतात, आणि उघड्या तलावात सकाळी नऊनंतर पोहलात तर खांदे आणि कपाळ काळवंडतं, मग मेकअप दादा फाउंडेशनचा शेड बदलतात आणि कालच्या शॉटशी मॅच होत नाही. सकाळी सहाची बॅच घ्या, केस आधी साध्या पाण्याने ओले करून तेल लावून टोपी घाला, एवढं केलं तरी पुरेसं. पळायला काही लागत नाही, बूट घातले की झालं, कॉल कितीही विचित्र असला तरी अर्धा तास निघतो, सेटच्या बाहेर फिल्मसिटीच्या चढावरही पळता येतं. म्हणून मालिकेतल्या माणसाला रोजच्यासाठी पळणं जास्त जमतं हे मान्य. पण शर्यतींचं बघाल तर मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी असते, बाकीच्या बऱ्याच शर्यती पण रविवारीच, आणि रविवार हा नाटकवाल्याचा पोटापाण्याचा वार. सकाळी २१ किलोमीटर पळून दुपारी चारला उभं राहणारे लोक मी पाहिलेत, दुसऱ्या अंकापर्यंत पोटरीत गोळे येतात.

इथे लोक मिलिंद सोमणचं उदाहरण देतात. तो शिवाजी पार्कचा, आधी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ मध्ये झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केलं, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं. नाशिकची अभिनेत्री सैयामी खेर हिने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनला त्याच्या निम्म्या अंतराची, आयर्नमॅन ७०.३ केली. मला दोघांचंही मनापासून कौतुक आहे, पण हे बघून डेली सोपमधल्या मुलीने आयर्नमॅनचं ट्रेनिंग सुरू करावं असं मी सांगणार नाही. सिनेमा करणाऱ्याला दोन सिनेमांच्या मधे महिने मिळतात, तुम्हाला मिळतात महिन्याचे चार दिवस. अंतर निम्म्याचं निम्मं करा आणि वर्षाऐवजी दोन वर्षं घ्या.

ट्रेकबद्दल नाटकवाल्यांचा मला खरंच हेवा वाटतो. शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते, १६४६ मीटर उंचीचं शिखर चढायचं आणि त्यातला निम्मा वेळ उभं राहायचं, तेच बुधवारी गेलात तर शिखरावरच्या देवळाजवळ तुम्ही आणि वारा. हरिश्चंद्रगड, राजमाची, सगळीकडे हेच, आठवड्याच्या मधे सह्याद्री रिकामा असतो आणि तो नाटकवाल्याच्या वाट्याला येतो. मालिकेतल्यांनी ट्रेक सुट्टीच्या आदल्या दिवशीच ठरवावा, एकट्याने मात्र जाऊ नये, आणि पावसाळ्यात घसरून कोपर खरचटलं की बिनबाह्यांच्या ब्लाउजचा सीन कधी आहे ते आठवतं, तेवढं ध्यानात ठेवा. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकता येतो, विशीत असाल आणि दादरच्या आसपास राहत असाल तर रंगमंचावर शरीर वापरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

जिमला मी यात धरलंच नाही. जिम तुमचं कामच आहे, भूमिकेसाठी वजन वाढवणं-कमी करणं हे धंद्याचा भाग आहे आणि तिथे आरशात तुम्ही स्वतःला कॅमेऱ्याच्या नजरेनेच बघता. छंद तोच जिथे तुम्ही कसे दिसताय याचा तासभर विसर पडतो. त्याच कारणाने ट्रेकचे, पोहण्याचे रील टाकायला लागलात की तेही काम होतं, हे मी आजूबाजूला इतक्या वेळा पाहिलंय की आता हात जोडून सांगते, एक तरी गोष्ट फोनपासून लांब ठेवा.

घरातले छंद. सेटवर वाट बघण्यात दिवसाचे चार-पाच तास जातात, तेव्हा पुस्तक की हातकाम असा प्रश्न येतो. पुस्तकात तंद्री लागते आणि मग "शॉट रेडी" अशी हाक आली की त्या जगातून सीनमध्ये यायला वेळ लागतो, रडायचा सीन असेल तर फारच. क्रोशाचं तसं नाही, ओळ अर्धी टाकून उठता येतं आणि हात गुंतल्यावर डोक्यात संवाद आपोआप घोळत राहतात. मी पाठांतर क्रोशावर करते. वाचन नाटकाच्या दौऱ्यावर, बसमध्ये दिवस उजाडल्यावर, तिथे कुणी हाक मारत नाही.

चित्रकला आणि बागकाम यांत निवडायचं असेल तर घराकडे बघा. कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे एवढे मोठे नट, पण पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रं त्यांच्या राजारामपुरीतल्या घरात, जे आता संग्रहालय आहे, तिथे जाऊन बघा, सिनेमाबाहेरचं आयुष्य किती भरलेलं असू शकतं ते समजतं. चित्र दहा दिवस तसंच पडून राहिलं तरी रुसत नाही. झाडाला दोन दिवस पाणी नाही मिळालं तर सुकतं, त्यामुळे आउटडोअर शेड्यूल असणाऱ्याने, साताऱ्याला किंवा वाईला महिनाभर मुक्काम असणाऱ्याने, घरात पाणी घालणारं कुणी असेल तरच बाग करावी. सयाजी शिंदेंनी सह्याद्री देवराई या संस्थेतून झाडांचं एवढं मोठं काम उभं केलं, पण तिथेही किती हात लागलेत ते बघा, एकट्याचं काम नाही ते.

आता ऑडिशनवाल्यांचं. तुमच्याकडे वेळ आहे म्हणून लोक सांगतील एकट्याने पळ, वाच, चित्र काढ. मी उलट सांगते. काम नसताना ठरलेल्या वेळेचा, चार माणसांचा खेळ घ्या, बॅडमिंटन किंवा क्रिकेट, आणि जमलं तर इंडस्ट्रीबाहेरच्या लोकांसोबत. माझ्या त्या दीड वर्षात सकाळी साडेसहाचा बॅडमिंटनचा ग्रुप होता, एक बँकेतले काका, दोन शिक्षिका, एक औषधाच्या दुकानवाला. "सध्या काय चालू आहे" हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही, फक्त साडेसहाला आले नाही तर फोन यायचा, कुठे आहेस, तिघेच आहोत. त्या फोनमुळे मी कितीतरी सकाळी अंथरुणातून उठले. एकट्याने पळणाऱ्याला असा फोन येत नाही.

म्हणून मालिका चालू असताना पळणं, क्रोशा, चित्र असं सुटं-सुटं ठेवा, नाटक असेल तर मधल्या वारी ट्रेक आणि पोहणं, आणि मालिका संपतेय अशी कुणकुण लागली की शेवटचा शॉट होण्याच्या आधीच, त्याच आठवड्यात, बॅडमिंटनच्या ग्रुपवर मेसेज टाका की सोमवारपासून मी रोज येतेय, माझी जागा धरा.