पोपटासाठी ‘बर्ड-सेफ’ हीटर मागवला आणि ८,५४९ रुपये गेले

आधी ३,५०० ॲडव्हान्स. मग माल निघण्याआधी उरलेले २,९९९. मग ‘नाजूक माल’ म्हणून पॅकिंग आणि कुरियरचे ८५०. शेवटी, थर्मोस्टॅट (उष्णता आपोआप आवरणारा भाग) परदेशातून आलाय, कस्टम ड्युटी भरा, पावती दाखवली की परत मिळतील, म्हणून १,२००. एकूण ८,५४९ रुपये. आधीचे पैसे अडकवून पुढचे काढायचे, ही या ऑनलाइन भामट्यांची रीत सगळ्यांना ठाऊक असते. मलाही होती. लाज वाटते लिहायला, पण गोव्यात पक्षी पाळणारी घरे खूप आहेत म्हणून लिहिते.

‘गोव्यात हीटर कशाला गं?’ हे पणजीच्या नातेवाइकांकडून ऐकून झाले आहे. त्यांनी जानेवारीत आमच्या केरी-सत्तरीला एक रात्र काढावी. चोर्ला घाटावरून पहाटे उतरणारा वारा कौलांमधून थेट आत येतो. तरीही धडधाकट कॉकटीलला (तुरेवाल्या छोट्या पोपटाला) हीटर लागत नाही, हे आधीच सांगते. पिंजरा खिडकीपासून लांब ठेवा, रात्री तीन बाजूंनी जाड सुती कापड टाका, तेवढ्यावर भागते. पण आमचा बंड्या आजारी होता. पिसे फुगवून, डोळे अर्धे मिटून बसायचा, राळ्याला चोच लावत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की औषध चालू आहे तोवर पिंजऱ्याची एक बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवा. दुसरी बाजू गारच राहू दे, म्हणजे नको झाले की तो स्वतः सरकेल.

आणि बजावून सांगितले, टेफ्लॉन लावलेले काहीही नको. त्याचे खरे नाव पीटीएफई. नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला आणि २८० अंशांच्या पुढे गेला, की त्यातून निघणाऱ्या वाफेने त्या घरातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहते आणि श्वास घेताना-सोडताना दोन्ही वेळा त्यातले जे असेल ते रक्तात जाते. विषही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी हे छोटे पक्षी नेत असत ते याचसाठी, विषारी वायू माणसाआधी त्यांना बाधतो. हेच कोटिंग काही हीटरच्या भागांवर, काही हीट लॅम्पच्या काचेवर, इस्त्रीच्या तळाला असते. शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅसचा हीटर बंद खोलीत पेटवायचाच नाही. पिंजऱ्याजवळ मच्छरांची कॉइलसुद्धा लावू नका.

आता हे सगळे टाळून गोव्यात काय मिळते? म्हापशाच्या दुकानात हीटर मागितला की पाणी तापवायचा रॉड काढून देतात. म्हणून फोनवर शोधले, आणि सोशल मीडियावर एक पान सापडले: ‘पोपटांसाठी सिरॅमिक पॅनल, ४० वॅट, थर्मोस्टॅटसह.’ नेमके डॉक्टरांनी सांगितले तसेच.

कळायला हवे होते ती जागा इथे आहे. मी लेखी विचारले, ‘तापणाऱ्या कुठल्याही भागावर पीटीएफई आहे का? हो की नाही?’ उत्तरादाखल आवाजी निरोप आला, ‘ताई, शंभर टक्के नॉन-टॉक्सिक, आपला एकही कस्टमर नाराज नाही.’ मी पुन्हा विचारले. त्याने व्हिडिओ पाठवला. पांढरे पॅनल, शेजारी मजेत शीळ घालणारा कॉकटील. तो व्हिडिओ मी आता इतक्यांदा पाहिला आहे की डोळे मिटले तरी दिसतो. भिंतीतल्या सॉकेटला दोन चपट्या चिरा आहेत. आपल्याकडे गोल भोके असतात. म्हणजे व्हिडिओ भारतातला नव्हताच, दुसऱ्या कुणाचा उचललेला होता. आणि हो-नाहीचे उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलेच नाही. घरात पक्षी कुडकुडत असताना सॉकेटकडे कोण बघतो? यात मी माझी चूक मानत नाही. सरळ प्रश्न विचारला होता, तोही दोनदा. खोटे बोलला तो.

खोक्यातून निघाला हजार वॅटचा प्लास्टिकचा ब्लोअर. ‘पेट सेफ’ हे स्टिकर नखाने उचकटले तर खाली इंग्रजीत बाथरूम हीटर छापलेले. थर्मोस्टॅट म्हणून जी गोल खुंटी होती ती नुसती गरगर फिरत होती, आत वायरच नव्हती. आयएसआयचे चिन्ह होते, पण त्याच्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, हे चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर घातला तर असा परवानाच नाही. नवीन उपकरण आधी पक्ष्यापासून लांब चालवून बघायचे, हे डॉक्टरांनी सांगितले होते म्हणून बंड्या वाचला. त्याला आतल्या खोलीत ठेवून दार लावले आणि ब्लोअर पडवीत लावला. थोड्याच वेळात जळक्या प्लास्टिकचा असा भपकारा आला की सासूबाई खोकत अंगणात गेल्या. पिंजऱ्याशेजारी लावला असता तर?

त्याला फोटो पाठवले. नंबर ब्लॉक.

पुढचा ताप पैसे गेल्यापेक्षा मोठा. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीचा, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात हवालदाराने खोके उलटेपालटे केले आणि विचारले, ‘तुमकां माल मेळ्ळा न्ही? मागीर फसवणूक कशी जाली?’ मी म्हटले, अहो, पॅनल मागितले आणि ब्लोअर आला, वर खोटे आयएसआय आहे, ही फसवणूक नाही तर काय? ते म्हणाले, ग्राहक तक्रार करा. तिथे फोन केला तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता द्या. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते! ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत विक्रेत्याने नाव-पत्ता दाखवायचा असे लिहिले आहे. त्याने दाखवला नाही, म्हणून शिक्षा मला? पुन्हा ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. कुणीतरी मागून बोललेसुद्धा, एका पोपटासाठी एवढे? एका पोपटासाठी नाही, खोटा आयएसआय लावलेला ब्लोअर उद्या कुणाच्या पाळण्याशेजारी चालेल, त्यासाठी. पण पंख असलेला जीव म्हटला की यांच्या लेखी तक्रारीचे वजनच उरत नाही. अर्जावर शिक्का मिळाला, त्यापलीकडे काही नाही.

पैसे गेले असे कळताक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, ठाण्याच्या चकरा नंतर. रक्कम पुढच्या खात्यांत पांगली की थांबवता येत नाही. मी उशिरा केला, कारण आधी बँकेत बसवून ठेवले. ब्लॉक होण्याआधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट घ्या. खोके उघडताना व्हिडिओ काढा. घरपोच रोख न घेणाऱ्या अनोळखी पानाला ॲडव्हान्स देऊ नका, आणि ‘परत मिळणारे’ पैसे तर कधीच भरू नका.

शेवटी भावाने बेळगावहून तेलाचा रेडिएटर आणला. कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतले की पृष्ठभागावर पीटीएफई नाही, रंगाचा वास जाईपर्यंत तो दिवसभर अंगणात चालवला, आणि मगच आत घेतला. वायर पिंजऱ्यापासून लांब, कारण हे पक्षी वायर कुरतडतात. थर्मामीटर पक्षी बसतो त्या दांडीच्या उंचीवर टांगा, भिंतीवरचा उपयोगाचा नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो, असे दिसले तर लगेच बंद करा. बंड्या आता दाणे खातो.

ते पान नाव बदलून पुन्हा सुरू झाले आहे, आता किंमत ५,९९९. व्हिडिओ तोच: पांढरे पॅनल, शीळ घालणारा कॉकटील, सॉकेटला दोन चपट्या चिरा. दिसले तर पैसे टाकू नका, आणि टाकले असतील तर आत्ता १९३० लावा.