शनिवारच्या मॅचला काय चालवावं: स्प्रेड की विंग-टी?

दरवर्षी ऑगस्टमध्ये आपल्यापैकी कुठल्या तरी बापाच्या गळ्यात मुलांच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा ऑफेन्स पडतो, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना कुठली चाल (प्ले) खेळायची ते ठरवायचं काम. गेलेला असतो तो पाण्याच्या बाटल्या भरायला. मग मैदानात प्लास्टिकचे कोन मांडायला लागतो, आणि एक दिवस हेड कोच खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "प्ले तूच ठरव." माझं असंच झालं. न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका टाउन लीगमध्ये, दहा-अकरा वर्षांची मुलं. पहिलं वर्ष स्प्रेड चालवला, म्हणजे रिसीव्हर पसरवून फेकाफेकीचा खेळ. दुसऱ्या वर्षी सुरुवात स्प्रेडनेच केली आणि ऑक्टोबरच्या मध्याला विंग-टीवर, म्हणजे हुलकावण्या देत पळण्याच्या जुन्या पद्धतीवर आलो. तिसरं वर्ष पूर्ण विंग-टी. एवढ्या पुंजीवर हे लिहितोय, तेव्हा मीठ-मिरची आपापल्या चवीने घाला. डाउन, यार्ड, लाइनवर सात जण वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी स्प्रेड, कारण मुलांना तोच हवा असतो. रविवारी टीव्हीवर तेच दिसतं. आमच्या क्वार्टरबॅकने पॅट्रिक महोम्सचा १५ नंबर का मागून घेतला हे सांगायला नको. मलाही तो आवडला होता, पण वेगळ्या कारणाने. एअर रेड नावाच्या, सतत बॉल फेकणाऱ्या स्प्रेडची गोष्ट वाचली आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या मनात घर करून बसली. हाल ममी आणि माइक लीच यांनी १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्याशा कॉलेजात सुरुवात केली ती मूठभर प्लेंवर. जाडजूड प्लेबुक नाही, रोज तेच तेच घोटायचं. पुढे लीचने टेक्सस टेकमध्ये २००० ते २००९ तेच केलं आणि मोठमोठ्या टीमना घाम फोडला. मोजके प्ले, भरपूर सराव. अकरा वर्षांच्या मुलांना याहून चांगलं काय हवं?

आणि स्प्रेडचं गणित खरंच सुंदर आहे. चार रिसीव्हर बाहेर पसरवायचे आणि मधल्या बॉक्समध्ये, म्हणजे लाइनमनांच्या समोरच्या जागेत, समोरचे किती उरले ते मोजायचं. पाच असतील तर आपले पाच लाइनमन त्यांना पुरतात, पळा. सात असतील तर बाहेर कुणीतरी मोकळा आहे, फेका. क्वार्टरबॅकला बोटांवर मोजता आलं की झालं.

आमचं अडलं ते असं की समोरची पोरं पसरलीच नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाने मैदानाच्या एका अंगाकडून दुसऱ्या कडेला फेकलेला बॉल पोचेपर्यंत कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरवर नजर ठेवणारा त्यांचा खेळाडू, निवांत चालत येतो. समोरच्या कोचला हे पहिल्या क्वार्टरमध्येच कळायचं. तो कॉर्नरला हाताने खूण करून आत बोलवायचा, बॉक्समध्ये आठ जण, आणि आमचे चार रिसीव्हर कडेला बसस्टॉपवर उभे असल्यासारखे. हे काही सगळ्यांचं होईल असं नाही. तुमच्याकडे खरोखर हात असलेला मुलगा असेल, वीस यार्ड सरळ आणि जोरात फेकणारा, तर समोरच्याला पसरावंच लागतं, आणि मग स्प्रेडसारखी मजा नाही. असा मुलगा दर काही वर्षांनी एक येतो म्हणतात. आमच्याकडे अजून आलेला नाही.

तरी एवढ्यावर मी स्प्रेड सोडला नसता. सोडला तो स्नॅपमुळे, म्हणजे सेंटरने क्वार्टरबॅककडे बॉल देण्यामुळे.

ही गोष्ट यूट्यूबवरचे क्लिनिकवाले सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती अडचणच नसते. शॉटगनमध्ये सेंटरने बॉल पायांच्या मधून पाचेक यार्ड मागे, क्वार्टरबॅकच्या छातीशी द्यायचा आणि त्याच क्षणी मान वर करून नाकासमोरच्या धिप्पाड पोराला अडवायचं. अकरा वर्षांच्या मुलाला ही दोन कामं एकदम जमत नाहीत. स्नॅपवर लक्ष दिलं की तो आडवा होतो. समोरच्यावर लक्ष दिलं की बॉल कुठेही जातो. बॉल ओला असेल, बोटं गारठलेली असतील, तर विचारूच नका. मोठ्यांचीही फजिती होते. २ फेब्रुवारी २०१४ चा सुपर बोल इथेच, ईस्ट रदरफर्डला झाला. डेन्व्हरचा पहिलाच स्नॅप. त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग काहीतरी ओरडत पुढे येत होता आणि बॉल त्याच्या डोक्याशेजारून थेट एंड झोनमध्ये. बारा सेकंदांत सेफ्टी, दोन पॉइंट सीॲटलला. शेवटी ४३-८. तो तर त्या वर्षीचा सगळ्यात जबरदस्त ऑफेन्स होता.

आमचं कसं झालं ते सांगतो. दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर, शनिवार सकाळ, बारीक झिमझिम. बरोबरीची मॅच. कसेबसे एंड झोनपासून सहा यार्डांवर आलो, सेकंड डाउन. स्नॅप क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून. तो मागे पळाला, बॉल एकदा हातातून निसटला, शेवटी त्याने अंग टाकलं ते सत्तावीसच्या रेषेवर. पुढच्या खेपेला सेंटरने घाबरून इतका हळू दिला की बॉल मध्येच टप्पा खाऊन चिखलात थांबला आणि त्यावर सहा-सात जण पडले. बॉल त्यांचा.

हा सेंटर म्हणजे टीममधला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गरीब स्वभावाचा मुलगा. बाहेर आला तो हेल्मेट काढेना. मला वाटलं लागलंय. जवळ गेलो तर आत रडत होता. मॅचनंतर त्याचे वडील भेटले. तक्रार करतील म्हणून मी तयारीत होतो, पण ते इतकंच म्हणाले की पोरगा रोज रात्री जेवण झाल्यावर गॅरेजच्या दाराकडे पाठ करून पन्नास स्नॅप टाकतो, अजून काय करायचं सांगा. काय सांगणार? त्याचं काहीच चुकत नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलाला जे जमणार नाही ते मी मागत होतो, कारण मला एअर रेडची गोष्ट आवडली होती.

मी आकडे लिहून ठेवलेले नाहीत. पण त्या दोन वर्षांत आम्ही ज्या मॅच हरलो त्या आठवल्या, की बहुतेकींमध्ये एक तरी उडालेला स्नॅप डोळ्यांसमोर येतो. शिवाय तीन दिवसांच्या प्रॅक्टिसमधली रोजची पंधरा-वीस मिनिटं आणि दोन मोठी माणसं निव्वळ स्नॅपवर खर्च होत होती.

मधला मार्ग म्हणून पिस्टल करून पाहिला. नेवाडा विद्यापीठाचा कोच क्रिस ऑल्टने २००५ मध्ये काढलेली रचना, क्वार्टरबॅक चारेक यार्डांवर. उडणारे स्नॅप कमी झाले, थांबले नाहीत. दुखणं तेच, जरा सौम्य.

मग विंग-टी. नाव ऐकून आमच्या हेड कोचला हसू आलं होतं, आजोबांचा ऑफेन्स म्हणाला. खोटं नाही. डेव्ह नेल्सनने मेन विद्यापीठात १९५० च्या सुमारास ती बसवली, मग डेलावेअरला नेली, आणि त्याच्या मागे टबी रेमंड २००१ पर्यंत तीच चालवत राहिला. रेमंडच्या नावावर बरोबर ३०० विजय आहेत. डेलावेअर इथून टर्नपाइकने दोनेक तासांवर, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या हायस्कूल कोचांना विंग-टी तोंडपाठ असते. हा फायदा लहान नाही. अडलं की विचारायला जिवंत माणूस मिळतो.

शाळेत खो-खो खेळलेल्यांना विंग-टी लगेच कळते, कारण ती म्हणजे शुद्ध हुलकावणी. क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून बॉल हातात घेतो, फुलबॅक मधून घुसतो, हाफबॅक आडवा पळतो, क्वार्टरबॅक पाठमोरा होऊन उलट्या बाजूला निघतो. तिघांचेही हात पोटाशी दुमडलेले. बॉल एकाकडेच. हाफबॅककडे असेल तर स्वीप, दोन्ही गार्ड (सेंटरच्या दोन बाजूंचे लाइनमन) लाइनमधून निघून त्याच्या पुढे वाट मोकळी करतात. फुलबॅककडे असेल तर ट्रॅप. क्वार्टरबॅककडेच राहिला तर वॅगल, त्यात तो पळतो किंवा फेकतो. डेलावेअरच्या आकड्यांत १२१ म्हणजे बक स्वीप आणि १२४ म्हणजे गार्ड ट्रॅप. आम्ही मुलांसाठी आकडे काढून रंग दिले, पण तुमच्या जुन्या कोचशी बोलताना आकडे माहीत असलेले बरे.

यातली खरी गंमत अशी की तिन्ही प्ले पहिली दोन पावलं सारखे दिसतात आणि एकाला धरायला गेलं की दुसरा उघडतो. त्यांचा टॅकल आमच्या गार्डमागे धावायला अधीर झाला की ट्रॅप. लाइनबॅकर स्वीपकडे ओढले गेले की वॅगल. म्हणजे प्ले ठरवताना मला समोरच्या अकरा जणांकडे बघावं लागत नाही, एक-दोन मुलांकडे बघितलं की पुरतं. मैदानाच्या कडेला उभं राहून ते जमतं. स्प्रेडमध्ये ही मोजणी क्वार्टरबॅकने करायची असते, आणि आमचा क्वार्टरबॅक मोजण्याऐवजी बहुतेक वेळा आईला हात करत असे.

स्नॅपचं म्हणाल तर अंडर सेंटर, म्हणजे सेंटरला चिकटून घेतलेला स्नॅपही सुटतोच. पहिला आठवडा क्वार्टरबॅक हात लवकर काढतो आणि बॉल खाली. पण तो पायाशीच पडतो. कुणीतरी त्यावर लोळण घेतं, यार्डभर नुकसान, पुढचा डाउन. एकवीस यार्ड जात नाहीत, आणि कुणी हेल्मेटमध्ये रडत नाही.

आता विंग-टीचे त्रास, नाहीतर म्हणाल हा पक्षपात करतोय. पहिला त्रास गार्डांचा. लाइनमधून निघून पळायचं म्हणजे नेमकं कुठे हे मुलांना कळायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात आमचे दोन गार्ड एकमेकांवर आदळले, दुसऱ्यात दोघे मिळून हाफबॅकवर. स्वीप स्वीपसारखा दिसायला तीन आठवडे गेले. तेव्हा तुमची मॅच येत्या शनिवारी असेल आणि आजपर्यंत स्प्रेड बसवला असेल, तर या आठवड्यात सगळं उलटंपालटं करू नका. दुसरा त्रास थर्ड अँड ट्वेल्व्हचा, म्हणजे तिसरा डाउन आणि अजून बारा यार्ड हवेत तेव्हाचा. विंग-टीकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. चार-चार यार्ड खात जायची गाडी आहे ती, मागे पडलात तर घाई करता येत नाही. तिसरा त्रास पालकांचा. ज्याचा मुलगा रिसीव्हर आहे तो बाप तिसऱ्या मॅचला मोबाइल खिशात ठेवतो. फोटो काढायला काही नसतंच. त्या मुलांना वॅगलवर दिवसातून दोनदा तरी बॉल द्या, मुलांसाठीही आणि घरच्या शांततेसाठीही. आणि हेही खरं की तुमच्या टाउनचं हायस्कूल स्प्रेड चालवत असेल तर मुलांना पुढे तेच शिकायचं आहे. माझ्या मते अकराव्या वर्षी ब्लॉक करायला शिकलेला मुलगा कुठेही खपतो, पण याबद्दल माझ्याहून जास्त जाणणारे लोक उलट सांगतील.

दोन्हीपैकी काहीही निवडा, पहिले काही प्ले शुक्रवारी रात्रीच लिहून ठेवा. फोर्टीनाइनर्स टीमचा कोच बिल वॉल्श मॅचचे पहिले पंधरा आणि पुढे पंचवीसपर्यंत प्ले आधीच लिहून काढायचा. मैदानावर डोकं तापलेलं असतं, घरी शांत असतं, एवढं साधं कारण. आपल्याला सहा पुरतात. मी लिहितो ते असे: स्वीप उजवीकडे, तोच पुन्हा, ट्रॅप, स्वीप डावीकडे, वॅगल, पुन्हा ट्रॅप. पहिले दोन यार्डांसाठी नसतातच, समोरचे कसे वागतात ते बघायला असतात. एका बापाला त्यांच्या टॅकलवर नजर ठेवायला सांगतो, दुसऱ्याला मागच्या बाजूच्या एंडवर, म्हणजे त्यांच्या लाइनच्या टोकाच्या मुलावर. "तो आत घुसतोय का थांबतोय," एवढंच मला येऊन सांगायचं. बाकी मतं गाडीत बसल्यावर.

स्प्रेडच चालवणार असाल, आणि चालवायला हरकत काहीच नाही, तर माझ्या अनुभवातून तीन गोष्टी. दुसरा सेंटर तयार ठेवा. गुरुवारी एक बॉल पाण्याच्या बादलीत बुडवून त्यावर सराव घ्या. आणि दहा यार्डांच्या आत गेलात की वापरायला एक तरी अंडर सेंटर रचना खिशात ठेवा, साधा ट्रॅप असलेली. मीही सुरुवात त्या एकाच रचनेपासून केली होती. एका मॅचमध्ये ती दहा यार्डांवर वापरली, पुढच्यात वीसवर, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत आम्ही पहिल्या डाउनपासून तीच चालवत होतो.

तो मोठा मुलगा अजून आमचा सेंटरच आहे. आता समोरच्याला अडवताना मान वर असते, आणि बॉल कुठे गेला हे त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. प्ले संपला की मला विचारतो, "कोच, कोणाकडे होता?"