सरकारी योजना आणि आमची झेडपीची शाळा : काय पोचतं, काय वाटेत अडतं

माझी मुलगी यंदा दहावीत आहे, मुलगा पाचवीत. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातलं. दोघंही गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. मुलगी सातवीनंतर शेजारच्या गावच्या अनुदानित हायस्कूलला गेली. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही खुर्ची मिळते. इंग्लिश मीडियमला घालायचं की झेडपीला, असं विचारणारे पालक आधी विचारतात, "तिथं मिळतं काय?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऐकीव काही नाही, आमच्या घरात आणि आमच्या शाळेत जे आलं तेवढंच.

सुरुवात जेवणापासून करते, कारण पालक सगळ्यात जास्त नावं त्यालाच ठेवतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, असं प्रमाण ठरलेलं आहे. 2024 मध्ये राज्याने नवी पाककृती दिली : पुलाव, मसालेभात, मोड आलेली कडधान्यं, मूग-शेवग्याचं वरण, नाचणीचं सत्त्व, तांदळाची खीर. कागदावर वाचून मला फार आनंद झाला होता. प्रत्यक्षात पुरवठादाराकडून मसूर आली की महिनाभर मसूरच, आणि वाटाणा यायचा तेव्हा यायचा. तरीही आमच्या शाळेतलं जेवण चांगलं असतं, आणि ते चांगलं आहे आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींमुळे. वाटपाआधी अन्न चाखून चव नोंदवहीत सही करायची असते. माझी पाळी असते तेव्हा मी जाते. मावशी मटकी आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधून ठेवतात, मोड बोटाच्या पेराएवढे आल्याशिवाय चुलीवर चढवत नाहीत. फोडणीत घरची कांदा-लसूण चटणी अगदी बेताची, कारण पहिलीतली पोरंही त्याच पातेल्यातलं खातात. या कामाचं त्यांना महिन्याला 2500 रुपये मानधन मिळतं, तेही वेळेवर येईलच असं नाही. इतक्या पोरांचं जेवण रोज रांधणाऱ्या बाईला एवढ्यावर राबवणं मला मान्य नाही, आणि समितीच्या बैठकीत हे मी दरवेळी बोलते.

अंड्याचंही सांगते. 2023 च्या शेवटी आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू झालं. अंड्याच्या दिवशी, म्हणजे बुधवारी, हजेरी वाढलेली मी डोळ्यांनी पाहिली. जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. आमच्या गावात दूध संस्थेने आणि तरुण मंडळाने थोडा भार उचलला, म्हणून अधूनमधून अंडं मिळतं. ज्या वाडीवर दूध संस्था नाही, मंडळ नाही, तिथल्या मुलांनी काय करायचं? आणि खरी गरज तिथंच जास्त.

गणवेशाला मी एका वर्षी शून्य मार्क देईन आणि पुढच्या वर्षी पैकीच्या पैकी. 2023 पासून सरसकट सगळ्या मुलांना गणवेश मिळू लागला ही मोठी गोष्ट झाली. त्याआधी वर्गातल्या काही मुलांना मिळायचा, काहींना नाही, आणि पोरांना ते बरोबर कळायचं. पण 2024-25 ला राज्यभर एकच रंग, कापड वरून येणार, शिलाई बाहेर होणार, असं ठरलं. आमच्याकडे झेंडावंदनाला निम्मी मुलं जुन्याच कपड्यांत उभी होती. नंतर जे गणवेश आले त्यात माझ्या मुलाची पँट घोट्याच्या खाली लोळत होती आणि त्याच्या मित्राच्या शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. त्या डिसेंबरात शासनाने निर्णय फिरवला आणि खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. मग आम्ही कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जाऊन तागे उलगडून, हाताने चोळून कापड घेतलं. गावातल्याच शिवणकाम करणाऱ्या दोघींनी वर्गात येऊन एकेका मुलाचं माप घेतलं. पँटला खाली चार बोटं दुमड ठेवायला सांगितली, म्हणजे पोरगं वाढलं की उसवून सोडता येते. एका गणवेशाला 300 रुपये म्हणजे ओढाताणच, पण कपडे अंगाला बसले, आणि शाळा सुरू झाल्यावर लगेच मिळाले. मला हेच सांगायचंय : जो निर्णय गावाच्या हातात राहिला तो नीट झाला.

पुस्तकांची तक्रार नाही. बालभारतीची पुस्तकं आठवीपर्यंत मोफत आणि शाळा उघडते त्याच दिवशी हातात. 2023 मध्ये पुस्तकातच लिहायला कोरी पानं जोडली होती आणि पुस्तकाचे चार भाग केले होते. दप्तर हलकं झालं हे खरं, पण मुलं लिहायची वहीतच आणि पानं कोरीच राहायची. 2025-26 पासून ती बंद केली, बरं झालं. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर उघडला की धड्याचा व्हिडिओ दिसतो. मुलाचे अपूर्णांक मी त्यावरूनच घेतले.

आरोग्य तपासणीला पालक फारसं मोजत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचायचा, आम्हाला वाटायचं सवय आहे. पथकातल्या डॉक्टरबाईंनी तक्ता वाचायला लावला आणि पुढे पाठवलं. चष्मा लागला, तोही फुकट.

आता शिक्षकांविषयी. त्यांच्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात प्रशिक्षणं होतात, आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे शाळा केंद्राची, शिक्षण परिषद होते, वाचनाची कार्डं येतात, आणि त्यातलं बरंच वर्गात उतरलेलं मी पाहिलंय. पण मुलांची माहिती पोर्टलवर भरायची, जेवणाचे आकडे रोज पाठवायचे, आधार जुळवायचं, मतदार याद्यांचं काम करायचं, आणि यातून उरलेल्या वेळात शिकवायचं, हे कसं जमणार? दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की चार वर्ग एकाच बाईंच्या गळ्यात. शिक्षकांना खरी मदत करायची तर ही कामं करायला प्रत्येक शाळा केंद्राला एक माणूस द्या, अशी माझी मागणी आहे.

सगळ्यात जीव लावून सांगायचं ते एनएमएमएसबद्दल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीबद्दल. आठवीत ही परीक्षा होते. दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमच्या मुलाला बसताच येत नाही. महाराष्ट्राचा कोटा 11,682 आहे, म्हणजे चुरस चांगलीच. मुलीच्या हायस्कूलचे सर शाळेच्या आधी तासभर जादा वर्ग घ्यायचे, एक पैसा न घेता. आरशात घड्याळ असं दिसतंय तर खरे वाजले किती, असले प्रश्न ती भाकरी थापताना मला घालायची. तिची निवड झाली. तिची मैत्रीण परीक्षा पास झाली पण गुणवत्ता यादीत बसली नाही. तिला सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला 9,600. ती मराठा, कुणबी मुलांसाठी आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्यांच्या मुलाच्या नावाचे पैसे आज आमच्या गावच्या पोरीच्या खात्यात येतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

पैसे उशिरा आले हेही सांगायला हवं. खात्याला आधार जोडलेलं आहे असं बँकेत सांगितलं होतं, पण पैसे जमा व्हायची सोय त्या खात्याला लागलेलीच नव्हती. दोन-चार चकरा झाल्या. मग 12,000 एकदम जमा झाले, आणि ते तिच्या अकरावी सायन्ससाठी तसेच ठेवलेत. हायस्कूलला ती एसटीने जाते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, त्यामुळे तो खर्चही नाही.

ज्यांचं मूल सातवीत आहे त्यांनी आत्ताच एवढं करावं. सातवीत 55 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका (अनुसूचित जाती-जमातीला 50), नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढा, पुढे तहसीलला गर्दी होते. मुलाच्या नावाचं खातं उघडा, आणि शिष्यवृत्तीचे पैसे आधारवरून थेट याच खात्यात पडतील ना, हे बँकेत स्पष्ट विचारून घ्या. निवड झाल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते चुकलं की त्या वर्षाचे पैसे गेले. दहावीत 60 टक्के मिळाले तरच अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहते (अनुसूचित जाती-जमातीला 55), म्हणून आमच्याकडे सध्या टीव्ही बंद आहे.