काळ्या गाडीचे ओरखडे काढून देतो म्हणाले आणि २४,५०० रुपयांना गंडवलं

आधी आकडा सांगतो. काळ्या गाडीवरचे बारीक ओरखडे काढायला दुकानाला दिले २४,५००. त्यांनी करून ठेवलेलं निस्तरायला गेले १७,४००. एकूण ४१,९०० रुपये. आणि नोकरीतली अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात घालवली आहेत. हसायचं तर हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

गाडी घेताना बायको म्हणत होती, पांढरी घे. मी काळीच घेतली. घोडबंदर रोडवर राहतो, मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं खातोय, त्यात सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा एका बादलीत वीस गाड्या उरकतो. सकाळी आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकतो, मग त्याच फडक्याने ओलं पुसतो. दोन वर्षांत बॉनेटवर कोळ्याचं जाळं पडल्यासारखं दिसायला लागलं. सावलीत काही नाही, पण उन्हात किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली की गोल गोल रेषा. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात, दिव्याभोवती प्रकाश पकडणारे तेवढे चमकतात म्हणून गोल वाटतात. पांढऱ्या गाडीवरही असतात, फक्त दिसत नाहीत. हे सगळं ज्ञान मला नंतर झालं.

मोबाइलवर जाहिरात आली. ‘स्वर्ल मार्क्स शंभर टक्के गायब, वर ९एच सिरॅमिक कोटिंग, पाच वर्षांची लेखी वॉरंटी, फक्त १८,०००.’ (स्वर्ल मार्क्स म्हणजे हेच जाळं, सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक थर.) आमच्याच रस्त्याच्या आतल्या गल्लीत दुकान, काचेचं केबिन, भिंतीवर षटकोनी एलईडी दिवे, परदेशी गाडी उभी. (ती गाडी मला नंतरही तिथेच, तशीच उभी दिसली.) ५,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले. दुसऱ्या दिवशी गाडी सोडायला गेलो तर मालक टॉर्च मारून म्हणाला, “सर, ओरखडे खोल आहेत, थ्री-स्टेप करेक्शन लागेल, ६,५०० वाढतील.” करेक्शन म्हणजे मशीनने पॉलिश करून ओरखडे घासून काढणं, इथे तीन टप्प्यांत. मी हो म्हटलं. काळ्या गाडीच्या मालकाला टॉर्च दाखवली की तो काहीही कबूल करतो, हे त्या लोकांना पाठ आहे.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.

मालकाने बॉनेटवर मधोमध पट्टी चिकटवली. पोऱ्याने एका बिनलेबलच्या बाटलीतून दुधासारखं पांढरं काहीतरी ओतलं, मशीन फिरवलं, चार मिनिटांत अर्धा बॉनेट आरशासारखा. ओरखडा एक नाही. मी टाळ्या वाजवायच्या बाकी होतो. दोन वर्षांचे ओरखडे चार मिनिटांत कसे जातील, एवढा साधा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. त्याहून वाईट म्हणजे मी बोट फिरवलं तेव्हा बोटाला तेलकट लागलं. लागलं! मी ते बोट रुमालाला पुसलं आणि मालकाला म्हणालो, “वा, मस्त.” त्या तेलकटपणातच सगळी चोरी होती. तो ग्लेझ होता. ग्लेझ म्हणजे चमक आणणारा तेलकट लेप, तो ओरखडे काढत नाही, त्यांच्यात भरून बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फडक्याने एकदा पुसलं असतं तर तिथेच खरं कळलं असतं. पट्टी लावून डेमो दाखवणाऱ्याला ‘आता अल्कोहोलने पुसून दाखव’ एवढं एकच वाक्य बोला, मग त्याचा चेहरा बघा.

दोन दिवसांचं काम म्हणाले होते. त्याच संध्याकाळी साडेसहाला फोन, गाडी तयार. तेव्हाही खटकलं नाही, उलट वाटलं, काय तत्पर माणसं. मी गाडी बाहेर घेऊन बघतो म्हटलं तर “सर, कोटिंग क्युअर होतंय, म्हणजे सुकून घट्ट होतंय, सात दिवस धुवायचीही नाही.” सात दिवस पाणी नको हे खऱ्या कोटिंगलाही सांगतात, म्हणून संशय आला नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. उरलेले १९,५०० दिले, मालकाच्या वैयक्तिक नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटीचं हवं असेल तर अठरा टक्के वर, म्हणजे ४,४१०. मी म्हटलं, राहू द्या.

होय, मी. राहू द्या म्हणालो. सरकारचे बुडवायला नव्हे, माझे वाचवायला. बिल न देणं हीच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला मागाहून एका वकील मित्राने सांगितलं.

आठव्या दिवशी मी स्वतः शाम्पूने धुतली. जाळं परत. आणि आता त्यावर इंद्रधनुषी लाटांसारखे पट्टे, जे आधी नव्हतेच. रोटरी, म्हणजे एकाच दिशेने गरगर फिरणारं मशीन लोकरीच्या पॅडने दाबून फिरवलं की असे होलोग्राम पडतात. बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो, तिथे हाताएवढा मळकट डाग. दुकानात गेलो तर, “सर, तुम्ही चुकीच्या पद्धतीने धुतली.” वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात: दरवर्षी ३,५०० रुपयांचं मेंटेनन्स न केल्यास वॉरंटी रद्द.

दुसऱ्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाड्यांच्या पॉलिश-सफाईचं काम करणाऱ्याकडे नेली. त्याने तपासायचे ६०० घेतले, पण रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मोजायचं मीटर लावलं. छत ११२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बॉनेटची कड ६१. क्लिअर कोट म्हणजे वरचा पारदर्शक थर मुळातच साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, कागदाहून पातळ. कडेला तो आधीच विरळ असतो आणि तिथेच मशीन जास्त लागतं, म्हणून शहाणी माणसं कडांना टेप लावतात. माझ्या कडेचा थर जाळून टाकला होता. तो पॉलिशने परत येत नाही, बॉनेट रंगवावा लागतो. ७,८०० बॉनेटचे, ९,००० उरलेल्या गाडीच्या खऱ्या करेक्शनचे. त्याने ड्युअल-ॲक्शन मशीन वापरलं, जे गोल फिरता फिरता हलतंही आणि रंगाला कमी जाळतं, आधी एका कोपऱ्यात सर्वांत सौम्य पॉलिश लावून पाहिलं, मग पुढे. दोन पूर्ण दिवस. नख अडकतं ते दोन ओरखडे त्याने हातही न लावता सोडले. म्हणाला, ते काढायला गेलो तर क्लिअर कोट जाईल. मला त्या नकाराचाच विश्वास वाटला.

आणि ९एच? ती पेन्सिलीची कठिणता आहे. चाचणी पेन्सिलीने ओरखडून करतात. किल्लीपुढे आणि वाळूपुढे तिचा काय टिकाव लागणार.

आता तक्रारीची कथा. चौकीत गेलो. हवालदारांनी फोटो बघितले आणि विचारलं, “काका, गाडी चालतेय ना?” चालतेय म्हटलं. “मग चोरी नाही, अपघात नाही. सिव्हिल मॅटर आहे.” अर्ज घ्या म्हटलं तर साहेब आल्यावर या. तीन फेऱ्या, साहेब तिन्ही वेळा बंदोबस्तात. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. अकराव्या दिवशी मेसेज, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ कोणी केलं? फोन केला तर कळलं, दुकानदाराने उत्तर दिलं की झालं निराकरण. उत्तर काय दिलं? ‘ग्राहकाने चुकीच्या पद्धतीने धुतली.’ कार्डावर ज्या कोटिंग कंपनीचा शिक्का होता तिला मेल केला. दोन ओळींचं उत्तर: सदर दुकान आमचे अधिकृत विक्रेते नाही. मग तुमचा शिक्का तिथे कसा, या मेलला उत्तर नाही. विमा कंपनीच्या पोरीने तर फोनवरच हसू दाबलं. महिनाभर मी रजा टाकून असा फिरत होतो, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच, “बिल आहे?”

गंमत म्हणजे बिल नसलं तरी अडत नाही. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं पुरावा म्हणून देता येतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे कोणत्याही टेबलावरच्या माणसाने मला सांगितलं नाही.

गाडी देताना उन्हात चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. घेताना अंधार पडला असेल तर घेऊ नका, सकाळी या. कोटिंगच्या बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडू द्या. मीटर नाही म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका. सोसायटीतल्या मुलाला मी महिन्याचे ६०० देतोच, पण अट घातली आहे: फक्त काचा आणि टायर. रंगाला मी स्वतः हात लावतो, दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, आणि आधी भरपूर पाणी मारून धूळ उतरवायची.

आयोगातला अर्ज तयार आहे. त्याच गल्लीत आणखी कोणी गाडी दिली असेल, विशेषतः काळी, तर पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका आणि मला कळवा. एकाच दुकानाने फसवलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. काल त्या दुकानाचा मेसेज आलाय, दिवाळी ऑफर, मेंटेनन्स ३,५०० ऐवजी २,९९९. तोही अर्जाला जोडलाय.