सिनेगॉगसाठी कायम निधी: जमातीच्या ट्रस्टमध्ये ठेवावा की वेगळ्या फाउंडेशनमध्ये?

आई-वडिलांच्या नावाने सिनेगॉगला, म्हणजे आम्हा बेने इस्राएल यहुद्यांच्या प्रार्थनालयाला, बऱ्यापैकी रक्कम द्यायची असं घरात ठरलं, की पुढचा प्रश्न येतो: द्यायची कुणाच्या हाती? आमच्या घरात यावर भरपूर चर्चा झाली, कागद पाहिले, माणसांना भेटलो आणि शेवटी एक बाजू निवडली. आता मुंबई-ठाण्यातले काही नातेवाईक आणि इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक झालेली भावंडं तेच विचारतायत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तिसरा एक पर्याय असतो, तो आधी बाजूला काढतो. ठरावीक कामासाठी एकरकमी दान: छप्पर, रंग, नवे बाक. हे वाईट नाही. काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहूचं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा १८८४ ची ती इमारत पुन्हा कशी उजळली हे मुंबईकरांनी पाहिलंच आहे. पण तिथे मोठे देणगीदार उभे राहिले, कारण इमारत दक्षिण मुंबईत आहे, सासून घराण्याची आहे, पर्यटकांच्या नजरेत आहे. रेवदंड्याच्या १८४२ च्या सिनेगॉगसाठी किंवा पनवेलच्या १८४९ च्या सिनेगॉगसाठी असं कुणी धावून येईल यावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय दुरुस्ती झाली तरी शमाशचा (सिनेगॉगची देखभाल करणाऱ्याचा) पगार, विजेचं बिल, कब्रस्तानातलं पावसाळ्यानंतरचं गवत हे दर वर्षी असतंच. या खर्चांच्या नावाने संगमरवरी पाटी लागत नाही, म्हणून दातेही मिळत नाहीत.

म्हणजे हवा कायम निधी. मुद्दल हलवायचं नाही, उत्पन्नातून खर्च भागवायचा. तो ठेवायला दोन जागा. एक, सिनेगॉगच्या स्वतःच्या नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टमध्ये 'कॉर्पस' म्हणून. दोन, सिनेगॉगला आधार देण्यासाठीच काढलेल्या, पण त्याच्या कारभारापासून वेगळ्या असलेल्या फाउंडेशनमध्ये.

पहिल्या पर्यायाचं मोठं बळ म्हणजे तो तयार आहे. ट्रस्टची नोंदणी आहे, खातं आहे, दर वर्षी ऑडिट होतं. तुम्ही फक्त चेक द्यायचा आणि सोबत पत्र द्यायचं. ते पत्र मात्र नीट लिहा. 'ही रक्कम कायम निधीसाठी आहे, मुद्दल खर्च करू नये' हे त्यात स्पष्ट हवं, नाहीतर ती त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते आणि वर्षाच्या उत्पन्नातली ८५ टक्के रक्कम वापरण्याचा आयकराचा नियम तिलाही लागू होतो. दुसरं म्हणजे आपलेपणा. मुकादम (जमातीचा प्रमुख) आपला, खजिनदार आपला, प्रार्थना चालवणारे हजान आपल्याला लहानपणापासून ओळखतात. किप्पूरच्या उपवासाला हेखलसमोर (तोरा ठेवतात त्या कपाटासमोर) उभं राहताना आपलं दान याच चार भिंतींच्या आत आहे, ही भावना माझ्या मते क्षुल्लक नाही. आमच्या घरातल्या थोरल्यांचा कल याच बाजूला होता, आणि त्यांचं म्हणणं मला पटतही होतं.

मग मला दुसरीकडे ढकललं ते एका गोष्टीने: सह्या.

कोकणातल्या एका सिनेगॉगच्या ट्रस्टमध्ये आमच्या घराची एक जुनी ठेव होती. खातं तीन विश्वस्तांच्या नावावर, कुठल्याही दोघांच्या सहीने चालणारं. मुकादम मुलीकडे इस्राएलला गेले ते तिथेच राहिले. खजिनदार वारले. उरली एक सही. नव्या विश्वस्तांची निवड झाली, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला, आणि जमातीतल्याच दुसऱ्या गटाने निवडीवर हरकत घेतली. हरकत आली की सुनावणी आली. बँकेचं म्हणणं सरळ होतं, आणि तिच्या जागी मीही तेच म्हणालो असतो: नवी नावं मान्य झाल्याचा आदेश आणा, मग सह्या बदलू. तोवर ठेवीची मुदत संपली, ती आपोआप पुढे सुरू झाली. व्याज बचत खात्यात पडत राहिलं. पासबुक भरून आणलं की ओळीमागून ओळ दिसायची, शिल्लक वाढत जायची, आणि त्यातला एक रुपया काढता यायचा नाही. त्या वर्षी रोश हशानाच्या (यहुदी नववर्षाच्या) आधी शमाशचा पगार जमातीतल्या चार घरांनी खिशातून दिला. वीजजोडणी तुटू नये म्हणून बिल कुणीतरी आपल्या कार्डावर भरलं. निधी होता आणि सिनेगॉग उधारीवर चाललं होतं.

यात कुणाची लबाडी नव्हती, आणि मला नेमकं तेच जास्त लागलं. सगळी माणसं सरळ होती. हरकत घेणाऱ्यांचीही बाजू होती. अडचण संख्येची आहे. १९४८ च्या सुमारास बेने इस्राएल साधारण २०,००० होते, आज भारतात ४-५ हजार उरलेत. गावाकडच्या कित्येक सिनेगॉगांत मुंबई-ठाण्याहून माणसं आली तरच मिन्यान पुरा होतो. जिथे प्रार्थनेला १० पुरुष जमवणं अवघड, तिथे विश्वस्त, मुकादम, खजिनदार, सह्या करणारे, वार्षिक सभेला येणारे, सगळे त्याच पाच-सात घरांतून काढायचे. एक घर गेलं की कारभाराचा एक खांब जातो. आणि ज्या दिवसासाठी कायम निधी ठेवायचा, तो दिवस म्हणजे माणसं कमी पडण्याचाच दिवस. त्या दिवशी निधी त्याच माणसांच्या सह्यांवर अडकणार असेल, तर तो ठेवला कशासाठी?

या संदर्भात अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या टूरो सिनेगॉगचं उदाहरण मला फार उपयोगी पडलं. ते १७६३ चं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर गावाचा व्यापार बसला, यहुदी कुटुंबं पांगली, आणि पुढे जमात जवळजवळ उरलीच नाही. तिथल्या जुन्या हजानचे दोन मुलगे दूरच्या शहरांत श्रीमंत झाले. त्यातला अब्राहम टूरो १८२२ मध्ये वारला, तेव्हा त्याने सिनेगॉगसाठी १०,००० डॉलर ठेवले. ठेवले ते जमातीच्या हाती नाहीत, ठेवणार तरी कुणाच्या हाती? ऱ्होड आयलंड राज्याच्या विधिमंडळाकडे विश्वस्त म्हणून ठेवले, आणि उत्पन्न सिनेगॉगवर खर्च करण्यात न्यूपोर्टच्या नगरप्रशासनाला सामील केलं. भाऊ जुडा याने १८५४ मध्ये मृत्युपत्रातून आणखी रक्कम दिली. नियमित प्रार्थना तिथे पुन्हा सुरू झाली ती १८८३ मध्ये, नव्याने आलेल्या यहुदी कुटुंबांमुळे. मधली कित्येक दशकं इमारत सांभाळली गेली ती या बाहेर ठेवलेल्या पैशामुळे. आलेल्यांना पडकी भिंत नाही मिळाली, चालतं प्रार्थनालय मिळालं. आपल्या कोकणात उद्या असं कुणी परतेल की नाही हे कोण सांगणार. पण परतलंच तर दार उघडायला हवं.

त्याच सिनेगॉगची पुढची गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूने सावध करते. तिथल्या जमातीला पैशांची तंगी आली, तेव्हा कायम निधी उभारण्यासाठीच त्यांनी सेफेर तोरावर (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीवर) चढवायच्या अठराव्या शतकातल्या चांदीच्या रिमोनीमची (शोभेच्या टोप्यांची) जोडी बॉस्टनच्या संग्रहालयाला ७४ लाख डॉलरना विकायचं ठरवलं. न्यूयॉर्कची शेअरिथ इस्राएल जमात मध्ये पडली: ती चांदी आमची आहे. खालच्या कोर्टाने २०१६ मध्ये न्यूपोर्टच्या बाजूने निकाल दिला, वरच्या कोर्टाने २०१७ मध्ये तो फिरवला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. उत्पन्न नसलं की चांगल्या माणसांचंही लक्ष हेखलमधल्या चांदीकडे जातं. आणि मालमत्तेचा कायदेशीर धनी लांबच्या शहरात बसला असेल, तर जागेवरची जमात त्याला परकी होऊ शकते. वेगळ्या फाउंडेशनमध्ये हा दुसरा धोका खरा आहे, तो लपवून मला काही पटवायचं नाही.

फाउंडेशनच्या इतर अडचणीही आहेत. नवा ट्रस्ट म्हणजे डीड (ट्रस्टचा दस्त), नोंदणी, आयकराची स्वतंत्र नोंदणी, ऑडिटरची फी. २५ लाखांची ठेव साधारण ७ टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख देते, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार. महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून त्यातलं मुद्दलाच्या ४ टक्क्यांइतकंच खर्चायचं ठरवलं, आणि मी तर म्हणेन ठरवावंच, तर हातात वर्षाला एक लाख. त्यातून आधी ऑडिटरची फी द्यायची म्हटल्यावर एकट्या घराने फाउंडेशन काढणं परवडत नाही. तीन-चार घरांनी एकत्र येऊन, किंवा एकाच टापूतल्या दोन-तीन सिनेगॉगांसाठी मिळून काढलं तरच गणित जुळतं.

दुसरी अडचण करांची. २०२३ पासून एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीतला ८५ टक्केच भाग खर्च म्हणून धरला जातो. त्यामुळे फाउंडेशनने सिनेगॉगच्या ट्रस्टला चेक देण्यापेक्षा शमाशचा पगार, सुताराचं बिल, वीजबिल थेट भरावं. आम्हाला हे आमच्या सीएने सांगितलं, आणि पुढे लक्षात आलं की मला सह्यांची जी अडचण टाळायची होती, तीही याच वाटेने टळते. पैसा सिनेगॉगच्या खात्यातून जातच नाही. देणगीदाराला आयकरात मिळणारी कलम ८०जी ची सवलत मात्र दोन्हीकडे गृहीत धरू नका. एका धर्माच्या लोकांपुरत्या ट्रस्टला ती सहसा मिळत नाही.

इस्राएलमधल्या भावंडांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. इस्राएली नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगीच, आणि ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नव्या फाउंडेशनला नोंदणी लगेच मिळत नाही: किमान तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० पासून अशी देणगी घेऊन दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. म्हणून तुमच्या जुन्या सिनेगॉगच्या ट्रस्टकडे चालू एफसीआरए नोंदणी असेल, तर निदान सध्या तुमच्यासाठी तोच रस्ता सोपा आहे. हे मी मनापासून म्हणतोय, माझी आवड दुसरीकडे असली तरी.

तर आता ती आवड. आम्ही फाउंडेशनच्या बाजूने गेलो. बदल अर्ज फाउंडेशनलाही चुकत नाही, तोच कायदा आहे. फरक पडतो तो विश्वस्त कुठून येतात यात. आमच्या डीडप्रमाणे सगळे विश्वस्त एका जमातीतले असू शकत नाहीत, सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपत नाही, आणि निवडणूक नाही, त्यामुळे दोन गटांची चुरसही नाही. जमातीचा एक प्रतिनिधी कायम असतो, पण मुद्दलाला हात लावायचा अधिकार त्याला एकट्याला नाही, इतरांनाही नाही. न्यूपोर्टची आठवण ठेवून आम्ही हेही लिहून घेतलं की फाउंडेशन सिनेगॉगची जमीन, इमारत, सेफेर तोरा, चांदी यांपैकी कशाचंही मालक होणार नाही. ते फक्त खर्च भरेल. मालकी जमातीच्या ट्रस्टकडेच, आणि तिथे जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते हे सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ चं कुंपण आहेच.

ज्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला ते मिन्यानचं. उद्या प्रार्थनेला १० पुरुष जमेनासे झाले तर निधीचं काय? जमातीच्या ट्रस्टमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. मूळ हेतू पार पाडता येत नसेल तर शेवटी कोर्टाला त्याच्या जवळचा हेतू ठरवावा लागतो. आम्ही ते आधीच लिहिलं. इमारत सुस्थितीत राहावी, कब्रस्तानाची कुंपणभिंत आणि साफसफाई चालू राहावी, आणि सेफेर तोरा दुसऱ्या चालत्या सिनेगॉगकडे सुरक्षित पोचवण्याचा खर्च निधीतून व्हावा, या क्रमाने. हे वाक्य वाचताना घरातल्या थोरल्यांचे डोळे भरून आले, आणि मग त्यांनीच त्याखाली पहिली सही केली.

तुमचं सिनेगॉग ठाण्यासारखं असेल, जिथे जमात अजून मोठी आहे आणि विश्वस्तांची नवी पिढी दिसतेय, तर ट्रस्टमधला कॉर्पस पुरेसा आहे असं मला वाटतं; फक्त पत्र नीट लिहा आणि ताळेबंदात तुमचा निधी स्वतंत्र ओळीत दाखवायला सांगा, दुरुस्ती निधीत मिसळू देऊ नका. पण गावाकडच्या, पाच-सात घरांच्या सिनेगॉगसाठी विचारत असाल, तर मी सांगेन की आणखी दोन घरांना सोबत घ्या, थोडं थांबावं लागलं तर थांबा, आणि निधी बाहेर ठेवा. मसुदा करायला घ्याल तेव्हा आमच्या डीडची प्रत पाहायला मागा, मी देईन.