४३,५०० रुपयांची पडलेली लेन्स

लेन्सच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर फिरत नव्हता. मी दोनदा जोर लावून पाहिला, तसूभरही हलला नाही. जुनी लेन्स विकणारा म्हणाला, "दादा, दोन वर्षं काढलेलाच नाही, जाम झालाय. घरी गेल्यावर रबरबँड गुंडाळून फिरवा, निघेल." आणि मी बरं म्हटलं. चौदा वर्षं कॅमेरा घेऊन सह्याद्रीत फिरतोय, चार-पाच मित्रांना लेन्स घेताना सल्ला दिलाय, आणि तरी मी बरं म्हटलं.

हे लिहायला मला लाज वाटते. खरा आकडा घरात फक्त बायकोला माहीत आहे. पण गेल्या आठवड्यात त्याच माणसाची जाहिरात पुन्हा पाहिली आणि गप्प बसवेना.

आधी एक सांगतो, लेन्स निवडताना माझं काही चुकलं नव्हतं. माझ्याकडे कॅननचा ६डी कॅमेरा आहे आणि त्यावर २४-१०५ एफ/४ लेन्स (हे मिमीचे आकडे; जितका लहान, तितकं चौकटीत जास्त मावतं). मला पठारांचे, कड्यांचे फोटो काढायचे असतात, आणि २४ मध्ये पायाशी असलेलं फूल आणि मागचं सगळं आभाळ एकत्र मावत नाही. म्हणून ईएफ १६-३५ एफ/४ एल आयएस (आयएस म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय). एफ/२.८ वाली मुद्दामच नको होती (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, मोठं). ती महाग आणि जड: एफ/४ चं वजन ६१५ ग्रॅम, एफ/२.८ च्या तिसऱ्या आवृत्तीचं ७९०. पाठीवर तंबू, पाणी आणि ट्रायपॉड घेऊन चढताना हा फरक खांद्याला कळतो. शिवाय निसर्गदृश्यं मी एफ/८ ते एफ/११ वरच काढतो, तिथे २.८ चा उपयोग काय? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या लेन्सला ७७ मिमीचा फिल्टर बसतो. माझ्या २४-१०५ लाही तोच. पोलरायझर (चमक कमी करणारा) आणि एनडी (उजेड कमी करणारा) मिळून नऊ हजारांचे फिल्टर माझ्याकडे पडून होते, ते तसेच चालले असते. एफ/२.८ ला ८२ मिमी लागतात, म्हणजे तो खर्च पुन्हा. जुनी १७-४० मला एक मित्र २४,००० ला देत होता. तिला आयएस नाही आणि फोटोचे कोपरे मऊ, अस्पष्ट येतात म्हणून मी ती नाकारली. ती नाकारली याचा आता रोज पश्चात्ताप होतो.

नवीन का नाही घेतली, असं विचारणारे आहेत. कॅननचं सगळं लक्ष आता आरएफकडे, म्हणजे नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या लेन्सकडे आहे. जुन्या ईएफ माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडणीच्या) लेन्सवर पूर्ण पैसे घालवणं मला पटत नव्हतं, आणि तेवढे नव्हतेही. ऑक्टोबरात स्पितीला जायचं ठरलं होतं, त्याआधी कास पठारावर हात बसवायचा होता.

जाहिरातीत ४८,००० लिहिले होते. बोलणं होऊन ४३,५०० वर आलं. २२ ऑगस्ट २०२४ ला ३,५०० टोकन म्हणून यूपीआयने पाठवले. आगाऊ पैसे पाठवले की माणूस गायब होतो हे मलाही ठाऊक आहे, म्हणून बाकीचे वस्तू हातात आल्यावरच देईन असं मी बजावून सांगितलं. त्याने लगेच मान्य केलं. तिथेच माझा विश्वास बसला. पैसे घेऊन पळणारा नाही, म्हणजे माणूस सरळ आहे, असं मी धरून चाललो. माल दाखवून फसवणारे वेगळे असतात हे डोक्यातच आलं नाही.

२४ तारखेला, शनिवारी, साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरलो. वेळ साडेअकराची ठरली होती. मग "दादा, ऑफिसात अडकलोय", मग "आईला दवाखान्यात घेऊन आलोय". असं करत करत तो आला पावणेसातला. ढग भरून आलेले, बाहेर उजेड नाही. एका चहाच्या हॉटेलात ट्यूबलाइटखाली बसून मी लेन्स पाहिली. ती वेळ त्याने मुद्दाम लावली होती, आता माझी खात्री आहे. दिवसाउजेडी विकता येणार नाही असा माल संध्याकाळीच विकायचा असतो. मला परतीची गाडी पकडायची होती, दिवसभर नीट जेवण झालं नव्हतं, आणि सात तास थांबलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायला तयार नसतो. हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. मोबाइलची बॅटरी लावून काचांमधून आरपार पाहिलं. बुरशीचं जाळं नव्हतं. जुनी लेन्स म्हटलं की जो तो बुरशी बघायला सांगतो, आणि आपल्याकडच्या पावसात ते खरंही आहे. झूमचं कडं गुळगुळीत फिरत होतं, ऑटोफोकस लागत होता, आयएसचा बारीक आवाज येत होता. खोकं होतं, हूड होता, बिलाचा फोटो होता. बुरशी नाही म्हटल्यावर मन सैल पडलं. आणि पुढच्या फिल्टरचं म्हणाल, तर या लेन्सला धूळ-पाणी पूर्ण अडवायचं असेल तर पुढे फिल्टर लावा असं कंपनीच सांगते. त्यामुळे फिल्टर लावलेला दिसणं मला काळजीपूर्वक वापरल्याचं लक्षण वाटलं.

पण तो का निघत नव्हता? धातूचं कडं दोन वर्षांत आपोआप असं चिकटत नाही. ते चिकटतं लेन्स तोंडावर पडल्यावर, कडं चेपून आटे एकमेकांत रुतल्यावर. मी बोट फिरवलं असतं तरी चेप हाताला लागली असती. बोट फिरवलं नाही. फिल्टर निघत नसेल तर लेन्स पडलेली आहे असं समजा आणि उठा. चहाचे पैसे तुम्ही द्या, पण उठा.

दुसरी चूक तितकीच मोठी. ६डी माझ्या गळ्यात होता. आठ फोटो काढले, तेही सगळे एफ/११ वर, कारण तो म्हणाला, "लँडस्केपला तुम्ही तेच वापरणार ना?" तीन इंचांच्या पडद्यावर सगळे छान दिसले. आतल्या काचा वाकड्या बसल्या असतील तर ते पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (या लेन्सला एफ/४) दिसतं, एफ/११ वर बरंचसं झाकलं जातं. एफ/४ ठेवायचं, लांबची एखादी इमारत आधी डाव्या कडेला आणि मग उजव्या कडेला घ्यायची, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करून दोन्ही बाजू पाहायच्या. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी उजेड हवा, आणि उजेड त्याने ठेवलाच नव्हता.

पैसे देताना म्हणाला, आजची यूपीआयची मर्यादा संपत आलीय, थोडे रोख द्या. माझ्या पाठवण्याशी त्याच्या मर्यादेचा काय संबंध, हेही मी विचारलं नाही. २५,००० यूपीआयने दिले. १५,००० रोख, ते कोपऱ्यावरच्या एटीएममधून काढून. पावती नाही. मूळ बिल "उद्या कुरियर करतो" म्हणाला. ते आजपर्यंत आलेलं नाही.

१५ सप्टेंबरला पहाटे कासवर गेलो. पठारावर गेंद फुलला होता, पांढऱ्या गोंड्यांची चादर, मध्ये तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि ओलाव्यात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग. अशा सकाळी वर्षातून फार तर दोन-तीन मिळतात. गुडघ्यावर बसून, १६ वर, फुलांच्या अगदी जवळ जाऊन दीडशे फोटो काढले. घरी येऊन संगणकावर उघडले. डाव्या बाजूचा गेंद एकेक गोंडा मोजता येईल असा. उजव्या बाजूचा पिठल्यासारखा. सगळ्या फोटोंत तेच. आणि सूर्य चौकटीत घेतला तिथे तिथे एका कोपऱ्यात करडा डाग.

पुण्यात जुन्या लेन्स दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "केव्हा पाडलीत?" फिल्टरची काच काढून कडं कापावं लागलं. खाली लेन्सची कड चेपलेली. पुढच्या काचेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका, आणि तो काळ्या शाईने भरलेला, म्हणजे सहज दिसू नये. फिल्टर त्यासाठी होता. मागच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली, म्हणजे कोणीतरी आधी उघडून पाहिलेली. आतला एक काचगट तिरका झालेला. तपासणी आणि कापाकापीचे १,२०० घेतले. दुरुस्तीचा अंदाज २२,५००, आणि दोन्ही कडा सारख्या येतील याची हमी नाही. मग मी खोकं आणून पाहिलं. लेन्सवरचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक यांचे पहिले चार आकडे सारखे, पुढचे सहा वेगळे. हे हॉटेलात पाहायला दहा सेकंद लागले असते.

त्याला फोन केला. "दादा, तुम्ही बघून घेतली होती. कासला तुमच्याच हातून पडली असेल." मग नंबर ब्लॉक.

खरा संताप यापुढे सुरू होतो. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो तर व्यवहार पुण्यात झाला, पुण्यात जा. तिकडच्या ठाण्यात दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, ऑनलाइन पैसे दिलेत ना, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू तुमच्या हातात आहे, मग यात सायबर काय? पुन्हा ठाण्यात. आता वेगळे साहेब. ते म्हणाले, "जुना माल तुम्ही पसंत करून घेतलात, ही दिवाणी बाब आहे." टवका शाईने भरून फिल्टरखाली लपवला हे मी तीनदा सांगितलं. लपवून विकणं म्हणजे फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला, परत दिला आणि विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" एका हवालदारांनी तर, एवढा महागडा छंद कशाला करता, असंही ऐकवलं. पैसे माझे होते, कमावलेले होते. चोरी झालेल्या माणसाला तू सोनं का घेतलंस असं विचारतात का?

बँकेत गेलो. पिन तुम्ही स्वतः टाकला, आम्ही काही करू शकत नाही. जाहिरातीच्या संकेतस्थळाला चार मेल पाठवले. चारही वेळा उत्तर एकच, आम्ही फक्त मध्यस्थ. ग्राहक आयोगाचं विचारलं तर कळलं की तक्रार विक्रीचा धंदा करणाऱ्याविरुद्ध चालते, स्वतःची एखादी जुनी वस्तू विकणाऱ्याविरुद्ध नाही. म्हणून त्याच्या जुन्या जाहिराती शोधत बसलो. एकाच निळ्या चौकडीच्या टेबलक्लॉथवर ठेवलेल्या अकरा लेन्स सापडल्या, तीन वेगवेगळ्या नावांनी. सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढले. हा त्याचा धंदाच आहे.

१५,००० रोख दिल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. एटीएमची पावती आहे, पण ती मी पैसे काढले एवढंच सांगते. म्हणजे सगळं माझ्या बाजूने लागलं तरी बोलणं २८,५०० वरच होणार. जुनी वस्तू घेताना एक रुपयाही रोख देऊ नका, आणि व्यवहार होण्याआधी व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून घ्या: लेन्स कधी पडली का, कधी उघडली का, क्रमांक काय. मी फोनवर विचारलं होतं. फोनवरचं बोलणं हवेत गेलं. पैसे ऑनलाइन गेले आणि वस्तू आलीच नाही असं झालं तर मात्र क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे वेळेला किंमत आहे. माझ्यासारखं वस्तू हातात असेल तर पहिल्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी घ्या. मी तीन आठवडे लेन्स वापरलीच नाही, कासची वाट पाहत कपाटात ठेवली, आणि तेच तीन आठवडे आता माझ्या तोंडावर मारले जातात.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी अर्ज करता येतो. तो मी काकांच्या चिठ्ठीसह, कापलेल्या फिल्टरच्या आणि टवक्याच्या फोटोंसह पाठवलाय. त्यानेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, आणि मी जाणार आहे.

गेल्या आठवड्यातल्या त्याच्या जाहिरातीत ७०-२०० लेन्स होती. टेबलक्लॉथ तोच. पुढे फिल्टर लावलेला.

स्पितीला मी २४-१०५ घेऊनच निघतोय. २४ वर कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवत चार-पाच फोटो काढायचे आणि संगणकावर जोडायचे. परवा अजिंक्यताऱ्यावरून करून पाहिलं. सगळं शहर आलं, दोन्ही कडा स्वच्छ.