शोभेचे स्नॉर्केल आणि माझे 2,48,050 रुपये

माझ्या डिझेल थारला 8 जून 2024 रोजी मी स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा पुरवणारी नळी, बसवून घेतले आणि 21 जुलैला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, त्या गाडीचे इंजिन दोन फूट पाण्यात बंद पडले. या गाडीला 650 मिलिमीटर पाण्यातून जाता येते असे कंपनीच सांगते. म्हणजे मी स्नॉर्केल बसवलेच नसते तर गाडी त्या पाण्यातून निमूटपणे पार झाली असती, आणि हीच गोष्ट मला आजही रात्री झोपू देत नाही.

हौस म्हणून केले, असे म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. माझी सासुरवाडी पानशेतच्या पुढे, मोसे खोऱ्यात आहे. वाटेतील ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे, आणि आषाढात ती अधूनमधून पाण्याखाली जाते. सासरे अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे पावसाळ्यातही जाणे टाळता येत नाही. जोराचा प्रवाह असताना मी कधीही गाडी घातली नाही आणि कोणी घालूही नये. त्या दिवशी लोंढा ओसरला होता आणि माझ्या पुढे एक ट्रॅक्टर पार गेला होता.

गॅरेज शहराच्या एका उपनगरातले. दारात चार-पाच उंच केलेल्या गाड्या, भिंतीवर हिमालयातल्या सहलींचे फोटो आणि मालकाच्या तोंडी अखंड ‘सर’. परदेशी बनावटीचे, पॉलिएथिलीनचे अस्सल स्नॉर्केल 34,500 रुपये, बसवणावळ 6,000 आणि ‘वॉटरप्रूफ सीलिंग’ 2,750, असे एकूण 43,250 रुपये झाले. त्यांपैकी 25,000 मी यूपीआयने दिले आणि उरलेले 18,250 रोख, कारण पक्के बिल घेतल्यास जीएसटी वेगळा लागेल असे त्याने सांगितले. मला मिळाला तो वहीतून फाडलेला कागद, ज्यावर ‘स्नॉ. फिटिंग’ एवढेच लिहिले होते. कराचे सात-आठ हजार वाचवण्याच्या मोहात आपण पुरावा गमावतो, हे तेव्हा सुचले नाही.

आता ज्या क्षणी मला कळायला हवे होते, तो क्षण. काम संपल्यावर मीच म्हणालो की इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलचे तोंड झाकून पाहू. सगळे सांधे हवाबंद असतील तर तोंड झाकताच इंजिनाचा श्वास कोंडतो आणि काही सेकंदांत ते बंद पडते. बंद पडले नाही तर हवा दुसरीकडून कुठून तरी आत येत आहे आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. मालकाने तळहात ठेवला. इंजिनाचा आवाज किंचितही बदलला नाही. तो हसून म्हणाला, “टर्बो डिझेल आहे सर, ते असं बंद पडत नाही.” मी एकोणीस वर्षे तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. डिझेल असो, टर्बो असो, हवेवाचून कोणतेही इंजिन चालत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. तरीही मी मान डोलावली. बाहेर पाऊस सुरू झाला होता, पत्नीचे दोन फोन येऊन गेले होते, आणि खरे सांगायचे तर खिडकीच्या खांबालगत उभी राहिलेली ती काळी नळी मला फार देखणी दिसत होती.

आणखी एक खूण होती. स्नॉर्केलच्या डोक्याच्या आतल्या काठावर बारीक पांढरे धागे दिसत होते. पॉलिएथिलीनच्या साच्यातल्या वस्तूला धागे नसतात; ते फायबरग्लास होते. काठावरून नख फिरवून पाहिले असते तरी कळले असते.

फरशीच्या मध्यावर इंजिन एकदा खाकरले आणि थांबले. इथे माझी दुसरी चूक झाली, आणि ती मी लपवत नाही: घाबरून मी एकदा स्टार्टर मारला. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर कधीही मारू नका, ढकलून किंवा ओढून बाहेर काढा. पाणी हवेसारखे दबत नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या गाडीचे चारपैकी दोन रॉड वाकले. टोइंगला 8,500 आणि इंजिनाच्या दुरुस्तीला 1,96,300 रुपये लागले.

सर्व्हिस सेंटरमधल्या वयस्क मेकॅनिकने फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, उघडून मला बोलावले आणि काही न बोलता टॉर्च हातात दिला. बाहेरची नळी फेंडरच्या आत येऊन संपत होती. तिथून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत वॉशिंग मशीनचे सांडपाणी सोडण्याचा वळ्यावळ्यांचा पाइप इन्सुलेशन टेपने गुंडाळून लावलेला होता, आणि तो सुटून खाली लोंबत होता. कंपनीची मूळ नळी जागा करण्यासाठी कापून टाकली होती. मूळ नळी हवा बोनेटलगत, उंचावरून घेत असे. आता इंजिन चाकाच्या डोक्यावरून, कापलेल्या प्लास्टिकच्या अस्तराआडून हवा ओढत होते. 2,750 रुपयांच्या सीलिंगचा एक थेंबही कुठे नव्हता. तेव्हा पैसे देण्यापूर्वी फेंडरचे अस्तर उतरवायला लावा, प्रत्येक सांध्यावर धातूचा क्लॅम्प आहे का ते स्वतः बघा आणि कापलेली मूळ नळी परत मागून घ्या.

विम्यात इंजिन संरक्षणाचा जादा हप्ता मी भरलेला होता. सर्व्हेअरने फोटो काढले आणि बारा दिवसांनी पत्र आले की गाडीत न कळवता बदल केल्यामुळे दावा नामंजूर. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’, दुसऱ्या दिवशी ‘हा दिवाणी वाद आहे’. पूर्वीच्या 420 च्या जागी भारतीय न्याय संहितेतले कलम 318 आले आहे, असे मी म्हटल्यावर हवालदारांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू गुन्हा मीच केला आहे. यूपीआयने पैसे गेले म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, तर दुकान डोळ्यांसमोर असताना हे सायबर कसे, असा प्रश्न आला. परिवहन कार्यालयात त्या गॅरेजविरुद्ध अर्ज द्यायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार या बदलाची परवानगी तुम्ही घेतली होती का, असे मलाच विचारले. घेतली नव्हती. अर्ज घडी घालून खिशात ठेवला. ज्याने फसवले त्याला विचारणारे कोणी नाही, फसलेल्याला विचारायला मात्र प्रत्येक खिडकीत माणूस बसलेला आहे.

ऑक्टोबरमध्ये ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढे समाधान. वस्तूची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असे 2019 चा कायदा म्हणतो. माझ्या तक्रारीत पहिली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्यासह परत यायलाच तेवढा वेळ लागला. गॅरेजच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचे दुकान आहे. त्या वेळी पाटीचा, मालकाचा आणि जीएसटी क्रमांकाचा फोटो काढून ठेवला असता तर नोटीस कोणाच्या दारावर चिकटवायची, हे तरी कळले असते. यूपीआयच्या पावतीवर दिसणारे नाव एका बाईचे आहे, ती कोण, हे बँक मला सांगत नाही.

नळी अजून गाडीवरच आहे, कारण ती काढली की फेंडरचे भोक उघडे पडते आणि नव्या फेंडरला रंगासह 11,000 रुपये सांगितले आहेत. परवा डिझेल भरताना एका तरुणाने कौतुकाने विचारले, “काका, स्नॉर्केल कुठून बसवलंत?” मी इंजिन चालूच ठेवले, त्याला टपाशी उभे केले आणि म्हणालो, “आधी तोंडावर हात ठेवून बघ.”